वाफसा: जमीन हो म्हणेपर्यंत थांबायचं कशासाठी?

काळ्या रानात रविवारी दणकून पाऊस झाला असं धरा. मंगळवारी तिथे ट्रॅक्टर घातला तर चाकं जागच्या जागी गरगरतात, टायरच्या नक्षीत चिखल बसून टायर गुळगुळीत होतो आणि कुळवाच्या पासेला, म्हणजे आडव्या पात्याला, मातीचा लोळ लटकत राहतो. शनिवारी तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर आणि तोच कुळव तेच रान भुसभुशीत करत आरामात पुढे जातो. त्यानंतर चांगलं कडक ऊन पडून आणखी दहा दिवस गेले की पुन्हा इंजिन गुरगुरायला लागतं, कारण आता ढेकळं निघत असतात. तिन्ही वेळा इंजिनाची ताकद सारखीच होती. मातीतलं पाणी मात्र दर वेळी वेगळं होतं.

मधल्या त्या अवस्थेला वाफसा म्हणतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण वाफसा नेमका कशामुळे येतो, इतका थोडा का टिकतो आणि तो चुकवून नुसता जोर लावला तर जमिनीच्या पोटात काय होतं, हे बहुतेक वेळा मोघमच सांगितलं जातं. नोकरीनिमित्त शहरात राहून गावची जमीन वाट्याने देणाऱ्यांना तर ‘अजून वाफसा नाही’ हे कसणाऱ्याचं काम टाळण्याचं निमित्त वाटतं. बहुतेक वेळा ते निमित्त नसतं.

आधी माती बघू. आपल्याकडची काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. भारी काळ्या जमिनीत निम्मा किंवा त्याहून जास्त भाग चिकणमातीचा असतो, आणि ही चिकणमाती स्मेक्टाइट गटातल्या खनिजांची असते. या खनिजांचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, त्यांना एकमेकांपासून दूर सारतं आणि माती फुगते. पाणी गेलं की पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅम मातीतल्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो काही शे चौरस मीटर भरतो. पाण्याला चिकटायला एवढी जागा मिळते, म्हणून ही जमीन पाणी भरपूर धरते आणि सहजासहजी सोडत नाही.

काचेच्या दोन तुकड्यांमध्ये पाण्याचे दोन थेंब टाकून ते एकमेकांवर दाबा. सरळ ओढून ते सुटत नाहीत, पण एकावरून दुसरा सहज सरकतो. ओल्या चिकणमातीचं तसंच आहे. पापुद्रे पाण्यामुळे एकमेकांना धरून असतात आणि त्याच पाण्यावरून घसरतातही. म्हणून ओली काळी माती तुटत नाही, नुसती दबते, पसरते, सारवली जाते. उलट ती पूर्ण वाळली की मधलं वंगण निघून जातं, कण एकमेकांना घट्ट आवळून धरतात आणि ढेकूळ दगडासारखं होतं.

या दोन टोकांच्या मधे एक टप्पा येतो. मातीच्या दाण्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निचरून जातं आणि तिथे हवा शिरते. दाण्यांच्या आतल्या बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून असते. म्हणजे प्रत्येक दाणा आतून ओलसर आणि मऊ, पण शेजारच्या दाण्यापासून मोकळा. या वेळी कुळव चालला की माती हवेच्या त्या पोकळ्यांवर आपोआप फुटते, कमीत कमी जोरात. अवजाराला माती फोडावी लागत नाही, ती जिथे सुटायला तयार आहे तिथे फक्त धक्का द्यावा लागतो.

ही गोष्ट मोजण्याची पद्धतही आहे, आणि ती गंमतशीर साधी आहे. आल्बर्ट आटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ मध्ये चिकणमातीच्या या अवस्थांच्या सीमा ठरवल्या. त्यातली एक अशी: ओली माती तळहाताखाली घेऊन तिची बारीक वळी वळत जायची. वळताना पाणी उडत जातं आणि एका क्षणी वळी तुटायला लागते. आजच्या प्रयोगशाळेत ३ मिलिमीटर जाडीला वळी तुटली की ती ‘प्लास्टिक लिमिट’ धरतात. त्याहून जास्त ओल असेल तर माती लिंपली जाते, कमी असेल तर फुटते. मशागतीला योग्य ओल या सीमेच्या थोडी खाली असते. इमारतींचे आणि रस्त्यांचे इंजिनिअर आजही ही चाचणी करतात.

शेतात याचीच गावठी आवृत्ती चालते. अवजार जितकं खोल जाणार तितक्या खोलीवरची माती मुठीत घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा जमिनीवर पडून दाणेदार फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर नाही. दाबताना गोळ्यावर अंगठ्याची चमक उठली, बोटांना माती चिकटून राहिली, तरी नाही. मुठीत गोळाच होत नसेल तर वेळ निघून गेली.

यातला ‘तितक्या खोलीवरची’ हा भाग सगळ्यात जास्त चुकवला जातो. वरचे दोन इंच वाऱ्याने आणि उन्हाने लवकर सुकतात, रान बांधावरून बघितलं तर छान दिसतं, आणि खाली चार-सहा इंचांवर अजून लोणी असतं. हलक्या मुरमाड रानात पाऊस थांबल्यावर एखाद्या दिवसात औत घालता येतं. भारी रानाला चार-पाच दिवस, ढगाळ हवा असेल तर आणखी जास्त लागतात. म्हणून एकाच शिवारात एकाच्या रानात पेरणी चालू असते आणि पलीकडच्याच्या रानात अजून पायही ठेवू नये असं असतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फिरताना दिसला म्हणून आपणही फिरवावा, हा मोह तेवढा आवरायला लागतो.

आता, वाफसा नसताना ताकदीने रेटलं तर काय होतं ते बघू. ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. ओल्या रानात तो फिरला की चाकाखालच्या मोठ्या पोकळ्या चेपल्या जातात. याच पोकळ्यांतून हवा खेळते, पाणी मुरतं आणि मुळं उतरतात. त्यातच दर वर्षी त्याच खोलीवर नांगर किंवा रोटाव्हेटर चालत असेल तर त्याच्या तळाशी माती घासून घासून गुळगुळीत होते आणि एक घट्ट थर बसतो. वरून रान भुसभुशीत दिसतं, त्यामुळे हा थर लक्षात येत नाही. तो बघायचा असेल तर कपाशीचं किंवा तुरीचं झाड मुळासकट खणून काढा. सरळ खाली जायला हवं असलेलं सोटमूळ एका ठिकाणी काटकोनात वळून आडवं पळालेलं दिसलं, की समजायचं, थर तिथे आहे. मग पाऊस जास्त झाला की पाणी या थरावर तुंबतं आणि पिकं पिवळी पडतात. पावसाने ओढ दिली की थराखाली ओल असूनही मुळं तिथवर पोहोचत नाहीत.

गंमत म्हणजे धरण आणि रस्ते बांधणारे नेमका हाच परिणाम मुद्दाम घडवून आणतात. मातीच्या धरणाचा भराव घालताना थरावर पाणी मारून, ठरावीक ओल आणूनच रोलर फिरवतात. फार कोरड्या मातीवर कितीही जड रोलर फिरवला तरी ती नीट बसत नाही, फार ओली असेल तर रोलरखालून सरकते. अमेरिकन इंजिनिअर राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये याचा आलेख मांडला, आणि कामाच्या ठिकाणी आजही त्यांच्याच नावाची चाचणी करतात. पाझर थांबवायला मातीला जी शिक्षा दिली जाते तीच आपण ओल्या रानात ट्रॅक्टर फिरवून पेरणीच्या जमिनीला देतो, तीही भाडं मोजून.

मग नांगराच्या तळाशी बसलेला तो घट्ट थर फोडायला सबसॉयलर, म्हणजे खोलवर जाणारा मजबूत दाता, लागतो. त्याला मोठा ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागतं आणि तोही खालची माती कोरडी असतानाच चालवायला हवा, म्हणजे थराला तडे जातात. ओल्या थरात तो चिखलात सुरी फिरवल्यासारखी एक चीर पाडतो आणि चीर पुन्हा मिटते. काळ्या मातीचं एक बरं आहे. उन्हाळ्यात ती स्वतःच आकसून भेगा पाडते आणि पावसात फुगते, त्यामुळे वरच्या भागातलं काही नुकसान ती वर्षा-दोन वर्षांत आपलं आपण भरून काढते. मुरमाड आणि तांबड्या जमिनीला ही सोय नाही.

कोरड्या टोकाला गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त रंजक वाटते. रब्बी निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये लोक काळं रान नांगरतात, तेव्हा वाफसा नसतोच. डोक्याएवढी ढेकळं निघतात. ती तशीच सोडली जातात. नवख्या माणसाला वाटतं काम अर्धवट राहिलं, लगेच रोटाव्हेटर मारून बारीक करावं. जाणता माणूस ढेकळं महिना-दोन महिने तापू देतो, आणि मे महिन्यात एक वळवाचा पाऊस आला की तीच ढेकळं संध्याकाळपर्यंत भसाभस विरघळून त्यांचे लहान लहान ढीग होतात.

हे कसं होतं? ढेकूळ पूर्ण वाळलेलं असतं तेव्हा त्याच्या पोकळ्यांत हवा भरलेली असते. पाऊस पडला की पाणी बाहेरून चारी बाजूंनी आत ओढलं जातं. आतली हवा कोंडते, तिचा दाब वाढतो आणि ती ढेकूळ आतून फोडून बाहेर पडते. वाळलेलं ढेकूळ बादलीतल्या पाण्यात टाकून बघा, बुडबुडे येतात आणि पाच-दहा मिनिटांत त्याचा ढीग होतो. त्यात भर म्हणजे बाहेरचा ओला भाग फुगतो, आतला कोरडा भाग फुगत नाही, त्या ओढाताणीतही तडे जातात. यासाठी ढेकूळ पुरतं वाळलेलं असावं लागतं. अर्धवट ओलं ढेकूळ पाण्यात टाकलं तर ते आपलं नुसतं बसून राहतं. म्हणजे तापू द्यायचे ते दोन महिने आळसाचे नव्हेत, त्या दिवसांत ढेकूळ फुटायची तयारी होत असते. वळवानंतर वाफशावर कुळवाची एक पाळी दिली की रान तयार. तेच काम कोरड्यात रोटाव्हेटरने केलं तर दोनदा-तीनदा फिरावं लागतं, पाती झिजतात, आणि माती इतकी पिठासारखी होते की पेरणीनंतरच्या पहिल्या जोराच्या सरीला वर खपली धरते. सोयाबीनचा कोंब ती खपली फोडताना मान मोडून घेतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बैलाच्या काळात वाफशाची जाण लोकांना जास्त होती असं म्हणतात, त्यात शहाणपणाइतकीच सक्तीही होती. एक बैलजोडी सतत चालताना जेमतेम एका हॉर्सपॉवरच्या आसपास काम करते. चिखलात बैल रुततात, कोरड्या ढेकळात औत उडतं, जू खांद्यावर बसतं आणि बैल थांबतात. रान तयार नाही हे जमिनीआधी जनावरच सांगत होतं. पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन काही सांगत नाही, ते निमूटपणे ओढतं. हा ट्रॅक्टरचा दोष म्हणायचा तर म्हणा, पण बैलांच्या आठवणी काढून तो सुटणार नाही. आता मूठभर माती घेऊन गोळा टाकायचं काम आपल्यालाच करायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ताकदीचा खरा उपयोगही वाफशातूनच कळतो. वाफसा गावातल्या सारख्या प्रतीच्या सगळ्या रानांत जवळपास एकदम येतो आणि दोन-चार दिवसांत जातो. तेवढ्यात पाच एकर उरकायचे तर एका जोडीला ते जमत नाही. म्हणून तर इर्जिक होती: शेजारपाजारचे लोक आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचे, दिवसात रान उरकायचे, घरधन्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि उद्या दुसऱ्याच्या रानात. सावडीची, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करणारी, माणसंही अशीच फिरायची. ट्रॅक्टरने ही अडचण खरोखर सोडवली. आठ दिवसांचं काम तो एका दिवसात करतो, म्हणून योग्य दिवसाची वाट बघणं परवडतं. ताकद वाट बघण्याची मुभा देते. पण होतं असं, की भाड्याच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, ‘आज मोकळा आहे, उद्या नाही’ असा फोन येतो, आणि आपण जमिनीच्या ऐवजी ट्रॅक्टरच्या वेळापत्रकाने चालायला लागतो. गावात दोन ट्रॅक्टर जास्त असले किंवा दोघा-तिघांनी मिळून एखादं पेरणी यंत्र घेतलं, तर त्याचा फायदा एकरी भाडं कमी होण्यापेक्षा इथे जास्त आहे.

पेरणीच्या वेळी वाफशाला आणखी एक अट जोडली जाते. कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. लोकांना हा आकडा सरकारी सावधपणा वाटतो, कारण पंचवीस मिलिमीटर झाल्यावरच वर वाफसा आलेला दिसतो. पण कोरड्या काळ्या जमिनीत पंचवीस मिलिमीटर पाऊस फार तर चार-सहा इंच भिजवतो, त्यातलंही काही भेगांतून उतरून गेलेलं असतं. बी तेवढ्या ओलीवर फुगतं, कोंब येतो, मूळ खाली निघतं आणि त्याला कोरडी जमीन लागते. मृगाचा पाऊस पडून आर्द्रा कोरड्या गेल्या की दुबार पेरणीच्या बातम्या येतात त्या यातूनच. बियाणं गेलं, खत गेलं, आणि मुख्य म्हणजे दिवस गेले.

मग वरून पाणी देऊन जगवू, असं कोणी म्हणेल. हिशेब करू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. पंचाहत्तर मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर, एका एकराला. आठवडाभर थांबल्याने जे फुकट मिळण्याची शक्यता असते त्याची ही किंमत. अर्थात अमर्याद थांबताही येत नाही. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे लांबवू नयेत, सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत उरकावं असं सांगतात, कारण पुढे पीक वाढीला दिवस पुरत नाहीत. उशिरा पेरणं म्हणजे योग्य वेळी पेरणं नव्हे. दोन्ही बाजूंनी दारं बंद होत असतात.

कोकणात जाऊन ‘ओल्या मातीत औत घालू नका’ म्हणालात तर लोक हसतील, आणि बरोबर हसतील. भाताच्या चिखलणीत माती मुद्दामच सारवली जाते, पोकळ्या मोडल्या जातात, म्हणजे खाचरातलं पाणी खाली झिरपत नाही. तिथे वेळ सांभाळायची ती तरव्याची, म्हणजे वाफ्यात वाढवलेल्या भाताच्या रोपांची. रोपं तीन आठवड्यांच्या आसपास लावणीला लागली तर फुटवे चांगले येतात, तरवा जुना झाला की कमी. पाऊस लांबला आणि तरवा वाफ्यातच वाढत राहिला तर नंतर खतं टाकून ते भरून निघत नाही.

वेळ साधली तर ताकद किती थोडी लागते हे बघायचं असेल तर मात्र सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीकडे बघावं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ही ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. त्यानंतर पाऊस जवळपास नसतोच. खोल काळी जमीन मीटरभर खोलीत दीड-दोनशे मिलिमीटर उपलब्ध पाणी धरून ठेवू शकते, आणि पीक त्याच साठ्यावर कणसापर्यंत जातं. बाहेरून आणलेलं पाणी नाही, मोटार नाही.

पण तो साठा उडतो कसा? थंडीत जमीन सुकून भेगाळते आणि भेगेच्या दोन्ही भिंतींतून, खोलवरून, ओल हवेत जायला लागते. यावर उपाय म्हणजे कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलक्या अवजाराने वरवर उकरणं. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपायचं अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पहिल्या वेळी मधे फट असलेल्या पासेचं कोळपं, म्हणजे तण निघतं आणि कोवळं रोप वाचतं. दुसऱ्या वेळी अखंड पासेचं. तिसऱ्या वेळी दातेरी, कारण तोवर जमीन कडक होऊन भेगा पडू लागलेल्या असतात आणि सरळ पास त्यात शिरत नाही. दाते वरची माती उकरून भेगांत लोटतात, भेग बुजते, वर सैल मातीचा थर बसतो आणि ओल खाली अडकून राहते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं म्हणतात ते याला. एक माणूस, एक हलकं अवजार, दोन-तीन इंच खोली. तेच कोळपं पंधरा दिवस उशिरा घातलं तर भेगा रुंद झालेल्या असतात, ओल गेलेली असते आणि मग बुजवायला काही उरत नाही.

अलीकडे खरिपात उलटी अडचण वाढलेली जाणवते. पाऊस एकदा लागला की पंधरा-पंधरा दिवस उघडीपच नाही, वाफसा येतच नाही, कोळपणी राहते आणि सोयाबीन तणात हरवतं. अशा वेळी रुंद वरंबा सरीचा, म्हणजे बीबीएफचा (ब्रॉड बेड फरो: पीक रुंद उंचवट्यावर, बाजूने पाण्यासाठी सऱ्या) फायदा होतो. ही पद्धत हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत खोल काळ्या जमिनींसाठीच विकसित झाली. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, वरंब्यावरच्या मोठ्या पोकळ्या लवकर रिकाम्या होतात आणि सपाट रानाच्या आधी वरंब्याला वाफसा येतो. पाऊस कमी झाला तर सरी बंद करून तेच पाणी मुरवता येतं. ट्रॅक्टर आहे तोच चालतो, यंत्र मात्र वेगळं लागतं. ते गावात भाड्याने मिळतं का याची चौकशी मे महिन्यातच करून ठेवलेली बरी, कारण जूनमध्ये सगळ्यांनाच ते एकाच आठवड्यात हवं असतं.